सांगावा धाडणारे प्रथिन

दसरा जवळ आला की हिंगोली जिल्ह्यात सोयाबीनच्या काढणीची धांदल सुरू होते. हिंगोली, वसमत, कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ या पाचही तालुक्यांत शेतोशेती गंज्या लागतात आणि मळणी यंत्रांची धडधड कानावर येऊ लागते. यंत्राच्या एका बाजूने पिवळे दाणे पडतात, दुसऱ्या बाजूने भुसकट उडते आणि त्याबरोबर धुळीचा एक लोट उठतो. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर हळद शिजवून, वाळवून तिला पॉलिश करण्याचे काम निघते, तेव्हाही धूळ असतेच. पावसाळ्यात बांधावर आणि रस्त्याकडेला गाजर गवत फुलते, त्याचे पराग हवेत मिसळतात. थोडक्यात काय, आपल्या श्वासाबरोबर बारीक कण आत जाण्याचे प्रसंग वर्षभर येतच असतात.

आता एक गोष्ट तुमच्याही पाहण्यात आली असेल. मळणीच्या जागी दहा माणसे काम करीत असली तर धुळीने सगळ्यांनाच शिंका येतात, डोळे चुरचुरतात. घरी येऊन हातपाय धुतले, चूळ भरली की नऊ जणांचा त्रास संपतो. दहाव्याचा मात्र संपत नाही. त्याची छाती आवळल्यासारखी होते, श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो आणि मध्यरात्री तो उठून बसतो. धूळ तीच, शेत तेच, घरसुद्धा कदाचित एकच. मग एकालाच असे का व्हावे? आणि धूळ तर दुपारी अंगावर आली होती, मग त्रास रात्री का वाढावा?

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधता शोधता शास्त्रज्ञ एका प्रथिनापर्यंत येऊन पोहोचले. ते धुळीतले नव्हते. आपल्याच शरीरात तयार होणारे होते. त्याची ओळख बरीचशी उंदरांमुळे झाली. ही ओळख कशी झाली आणि ती दम्याच्या रोग्याच्या कशी कामी आली, ते आपण पाहू.

धूळ एक, परिणाम दोन

प्रथम एक फरक ध्यानात घ्या. धुळीचे कण नाकाच्या व घशाच्या नाजूक अस्तरावर घासले गेले की शिंक किंवा खोकला येतो. हा साधा उपद्रव आहे. तो कोणालाही होतो आणि धूळ गेली की थांबतो. ॲलर्जी, म्हणजे वावडे, ही निराळी गोष्ट आहे. तिच्यात शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थाला शत्रू समजते आणि त्याच्याशी लढायला उभे राहते. नुकसान होते ते या लढाईमुळे.

हा पदार्थ बहुधा एखादे प्रथिन असतो. परागकण, बुरशीची बीजे, घरातल्या धुळीत राहणारे सूक्ष्म कीटक, जनावरांचा कोंडा, यांतील विशिष्ट प्रथिने वावड्याला कारण होतात. सोयाबीनच्या धुळीतही असे प्रथिन असते. ते कसे कळले, याची हकिगत एखाद्या गुप्तहेरकथेसारखी आहे.

बार्सिलोनाचे कोडे

स्पेन देशात भूमध्य समुद्राच्या काठी बार्सिलोना नावाचे मोठे बंदर आहे. तेथे १९८१ ते १९८७ या काळात एक विचित्र प्रकार घडू लागला. एखाद्या दिवशी अचानक दम्याचे रोगी रुग्णालयांत गर्दी करीत आणि दुसऱ्या दिवशी सारे पुन्हा शांत होई. असे २६ दिवस नोंदले गेले. गिरण्यांचा धूर, मोटारींचा धूर, हवामान, अशा सगळ्यांवर संशय घेऊन झाला, पण एकही हिशोब जुळेना.

शेवटी संशोधकांनी बंदरातल्या जहाजांच्या नोंदी काढल्या. कोणत्या दिवशी कोणता माल उतरला याची यादी एका बाजूला ठेवली आणि दम्याचे दिवस दुसऱ्या बाजूला. दम्याच्या दिवसांशी एकच माल जुळत होता, तो म्हणजे सोयाबीन. जहाजातून सोयाबीन उंच कोठारांत भरले जाई. त्यांपैकी एका कोठारावर धूळ अडवणारी गाळणी नव्हती. वारा शहराकडे असला की ती धूळ वस्तीवर पसरे. रोग्यांचे रक्त तपासले तेव्हा त्यात सोयाबीनविरुद्धचे प्रतिपिंड सापडले. कोठारावर गाळण्या बसवल्या आणि ती साथ थांबली. हे संशोधन १९८९ साली प्रसिद्ध झाले. पुढे असेही दिसून आले की हे वावडे आणणारी प्रथिने मुख्यतः सोयाबीनच्या दाण्यावरील सालीत असतात.

यावरून सोयाबीन खाणे वाईट, असा अर्थ मात्र काढू नका. श्वासातून येणारे वावडे आणि खाण्यातून येणारे वावडे या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय आपल्याकडील मळणीच्या धुळीत सालीबरोबर माती, बुरशीची बीजे आणि झाडावरची बारीक लव, असे पुष्कळ काही असते. बार्सिलोनाच्या गोष्टीतून घ्यायचे ते इतकेच, की हवेतून आलेले एखादे प्रथिन काही थोड्या लोकांना दम्याच्या झटक्यापर्यंत नेऊ शकते आणि त्याच हवेत श्वास घेणाऱ्या इतर हजारोंना काहीही होत नाही.

पहिली भेट आणि दुसरी भेट

वावड्याचा एक विशेष असा की पहिल्या भेटीत ते दिसत नाही. हा विशेष एका कुत्र्यामुळे लक्षात आला. फ्रान्समधील शार्ल रिशे व पॉल पोर्तिए हे समुद्रातील एका प्राण्याच्या विषाचा अभ्यास करीत होते. नेपच्यून नावाच्या कुत्र्याला त्यांनी त्या विषाची थोडी मात्रा दिली. त्याला काही झाले नाही. सुमारे तीन आठवड्यांनी पुन्हा थोडी मात्रा दिली. खरे तर आता त्याची सहनशक्ती वाढलेली असावी, असा त्यांचा अंदाज होता. झाले उलटेच. कुत्र्याला क्षणात धाप लागली, तो कोसळला आणि अर्ध्या तासाच्या आत मेला. १९०२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले आणि १९१३ चे नोबेल पारितोषिक रिशे यांना मिळाले. पुढे १९०६ मध्ये क्लेमेन्स फॉन पिर्के या ऑस्ट्रियन डॉक्टरांनी शरीराच्या अशा बदललेल्या वागणुकीला ‘ॲलर्जी’ हे नाव दिले.

पहिल्या भेटीत शरीरात काय होते? परक्या प्रथिनाची नोंद घेतली जाते आणि त्याच्याविरुद्ध एका खास जातीचे प्रतिपिंड तयार होतात. त्यांना ‘आयजीई’ म्हणतात. किमिशिगे व तेरुको इशिझाका या जपानी दांपत्याने ते १९६६ साली अमेरिकेत शोधून काढले. स्वीडनमधील शास्त्रज्ञही त्याच सुमारास स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले. हे प्रतिपिंड ‘मास्ट’ नावाच्या पेशींवर जाऊन बसतात. मास्ट पेशी नाकाच्या, त्वचेच्या आणि श्वासनलिकेच्या अस्तरात पेरलेल्या असतात. प्रत्येकीच्या पोटात हिस्टामीन या रसायनाचे दाणे भरलेले असतात, म्हणजे जणू दारू ठासलेला बार.

दुसऱ्या भेटीत तेच प्रथिन येऊन या प्रतिपिंडांना चिकटले की बार उडतो. हिस्टामीन बाहेर पडते, नाक गळू लागते, श्वासनलिकेभोवतीचे स्नायू आवळतात. हे सारे काही मिनिटांत होते आणि तासा-दोन तासांत ओसरते.

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर येथे मिळाले. ज्याच्या शरीराने असे प्रतिपिंड करून ठेवले आहेत त्यालाच त्रास होतो. ही प्रवृत्ती काही अंशी आनुवंशिक असते. पण दुसरा प्रश्न तसाच राहिला: दुपारी ओसरलेला दमा रात्री परत का येतो?

लाल दाण्यांच्या पेशी

झटका ओसरल्यावर तीन-चार तासांनी श्वासनलिकेत एक दुसरीच हालचाल सुरू होते. रक्तातून पांढऱ्या पेशींच्या झुंडी श्वासनलिकेच्या भिंतीत शिरू लागतात. अस्तर सुजते, चिकट बेडका तयार होतो, नळीचा आतला मार्ग अरुंद होतो. यालाच दाह म्हणतात.

मार्ग थोडासा अरुंद झाला तर एवढे काय बिघडते, असे तुम्हांला वाटेल. पण येथे भौतिकशास्त्राचा एक नियम आडवा येतो. नळीतून संथपणे वाहणाऱ्या प्रवाहाला होणारा अडथळा त्रिज्येच्या चौथ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असतो. त्रिज्या निम्मी झाली तर अडथळा दुप्पट नव्हे, १६ पट होतो. त्रिज्या नुसती पाऊणपट उरली तरी अडथळा तिपटीहून अधिक होतो. गणित करून पाहा. अस्तराची थोडीशी सूजही माणसाला का बेजार करते, ते ध्यानात येईल.

या झुंडींत एका जातीच्या पेशी पुष्कळ असतात. पाउल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञांनी १८७९ साली रक्ताचे थेंब काचपट्टीवर पसरून रंगवले. तेव्हा काही पांढऱ्या पेशींतले दाणे इओसिन नावाच्या रंगाने लालभडक झालेले त्यांना दिसले. म्हणून त्या पेशींना ‘इओसिनोफिल’ हे नाव पडले. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असतात. त्यांत इओसिनोफिल साधारणपणे पाचशेच्या आतच असतात.

या पेशींचे नेहमीचे एक काम जंतांशी लढण्याचे. आतड्यांत किंवा शरीरात इतरत्र शिरलेले कृमी जीवाणूंपेक्षा फार मोठे असतात. त्यांना गिळून टाकणे पेशीला शक्य नसते. म्हणून इओसिनोफिल त्यांच्या अंगावर आपल्या दाण्यांतली दाहक प्रथिने ओततात. शाळेत वाटली जाणारी जंतनाशक गोळी तुम्ही घेतली असेल. ज्यांच्या पोटात जंत असतात त्यांच्या रक्तात इओसिनोफिल वाढलेले सापडतात, याचे कारण हेच.

दम्यात मात्र कृमी नसतात आणि फौज येते. शत्रू नाही, पण शस्त्रे चालतात, आणि ती पडतात श्वासनलिकेच्या स्वतःच्या अस्तरावर. अस्तर सोलवटले की नळी हळवी होते. मग थंड हवा, धूर, पळणे, हसणे अशा साध्या कारणानेही ती आवळू लागते.

आता प्रश्न असा, की ही फौज बोलावतो कोण?

इंटरल्यूकिन-५

इओसिनोफिल जन्मतात हाडांच्या पोकळीतील अस्थिमज्जेत. श्वासनलिका तेथून किती दूर! धुळीचा कण छातीत आणि पेशी तयार होणार मांडीच्या किंवा कमरेच्या हाडात. तेव्हा मधे कोणीतरी सांगावा पोहोचवणारे हवे. शरीरात हे काम प्रथिनांचे छोटे रेणू करतात. एक पेशी ते रक्तात सोडते, दुसऱ्या पेशीच्या पृष्ठभागावर त्या रेणूसाठी नेमकी खाच असते, आणि रेणू खाचेत बसला की त्या पेशीला हुकूम मिळतो. पांढऱ्या पेशींमधल्या अशा कित्येक निरोप्यांना ‘इंटरल्यूकिन’ म्हणतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत.

इओसिनोफिलांना सांगावा धाडणारे प्रथिन म्हणजे इंटरल्यूकिन-५. त्याचे जनुक १९८६ साली जपानमधील शास्त्रज्ञांनी उंदराच्या पेशींतून वेगळे काढले. तासुकू होन्जो हे त्यांपैकी एक. त्यांना पुढे २०१८ मध्ये निराळ्या संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. माणसाच्या शरीरातील इंटरल्यूकिन-५ हे प्रत्येकी ११५ अमायनो आम्लांच्या दोन सारख्या साखळ्या एकमेकींना उलटसुलट जोडून बनलेले असते. ते सोडतात मुख्यतः ‘टी’ नावाच्या पांढऱ्या पेशींतील एका गटातल्या पेशी. मदतनीस टी पेशींत असे निरनिराळ्या कामांचे गट असतात, हेही त्याच वर्षी, १९८६ मध्ये, अमेरिकेतील मोझमन व कॉफमन यांनी दाखवून दिले.

इंटरल्यूकिन-५ तीन कामे करते. अस्थिमज्जेत इओसिनोफिलांची पैदास वाढवते. तयार पेशींना रक्तात उतरायला लावते. आणि ऊतींत पोहोचलेल्या पेशींना लवकर मरू देत नाही. म्हणजे भरती, रवानगी आणि रसद, तिन्ही खाती एकाच अधिकाऱ्याकडे!

उंदराची परीक्षा

दम्याच्या रोग्यात हे प्रथिन सापडते, इओसिनोफिलही सापडतात. पण दोन गोष्टी एकत्र सापडल्या म्हणून एक दुसरीचे कारण ठरत नाही. आग लागते तेथे बंब दिसतो; म्हणून बंबाने आग लावली असे आपण म्हणत नाही. कारण सिद्ध करायचे तर दोन कसोट्या लागतात. संशयित वस्तू काढून घेतली तर परिणाम थांबला पाहिजे, आणि ती परत दिली तर परिणाम परत आला पाहिजे.

माणसावर असे करता येत नाही. म्हणून उंदीर निवडले गेले. उंदराला आपणहून माणसासारखा दमा होत नाही. तो त्याच्यात घडवून आणावा लागतो. नेहमीची पद्धत अशी. कोंबडीच्या अंड्याच्या पांढऱ्या बलकातले ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन उंदराला टोचतात. ही पहिली भेट. काही दिवसांनी त्याच प्रथिनाचे बारीक तुषार त्याच्या श्वासावाटे आत सोडतात. ही दुसरी भेट. मग दोन मोजमापे घेतात. फुप्फुस द्रवाने धुऊन त्यात इओसिनोफिल किती आले ते मोजतात. आणि नळी आवळणारे एक औषध हुंगवून तिचा हळवेपणा किती वाढला ते पाहतात.

ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे पॉल फॉस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही परीक्षा दोन प्रकारच्या उंदरांवर घेतली. एक गट नेहमीच्या उंदरांचा. दुसऱ्या गटातील उंदरांत इंटरल्यूकिन-५ चे जनुक जन्मापासूनच निकामी केलेले होते. नेहमीच्या उंदरांच्या फुप्फुसात इओसिनोफिल भरून आले, अस्तराची नासधूस झाली, नळ्या हळव्या झाल्या. जनुक नसलेल्या उंदरांत यातले काहीच झाले नाही. मग संशोधकांनी एका विषाणूच्या साहाय्याने इंटरल्यूकिन-५ चे जनुक त्या उंदरांना परत दिले, आणि इओसिनोफिल व हळवेपणा दोन्ही परत आले. दोन्ही कसोट्या उतरल्या. हा निबंध जानेवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

एकाच अंकात दोन उत्तरे

येथे गोष्ट संपली असती तर किती सोपे झाले असते! पण त्याच महिन्यात, त्याच नियतकालिकाच्या त्याच अंकात आणखी एक निबंध होता. तो होता अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील डेव्हिड कॉरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. त्यांनी उंदरांना इंटरल्यूकिन-५ निष्प्रभ करणारे प्रतिपिंड दिले होते. इओसिनोफिल नाहीसे झाले खरे, पण नळ्यांचा हळवेपणा तसाच राहिला. त्यांच्या मते हळवेपणाला हवे होते ते दुसरेच प्रथिन, इंटरल्यूकिन-४.

मग खरे कोण? दोन्ही प्रयोग काळजीपूर्वक केलेले होते. पण त्यांत एक फरक होता: उंदरांच्या जाती वेगळ्या होत्या. जनुके थोडी निराळी असली की त्याच वावड्याला शरीर थोड्या निराळ्या वाटेने उत्तर देते. पुढे १९९८ साली इंटरल्यूकिन-१३ हे तिसरे प्रथिनही पुढे आले. बेडका तयार होणे आणि नळी हळवी होणे यांत त्याचा मोठा हात असल्याचे उंदरांतच दिसले. म्हणजे सांगावा धाडणारा एक नव्हता. काही सांगावे फौजेला होते, काही अस्तराला, काही प्रतिपिंड करणाऱ्या पेशींना.

मित्रांनो, पाठ्यपुस्तकात एका प्रश्नाला एकच उत्तर असते. प्रयोगशाळेत पुष्कळदा दोन प्रामाणिक उत्तरे समोर येतात आणि दोन्ही आपापल्या जागी बरोबर असतात. त्यांतला फरक कशामुळे पडला, हे शोधणे म्हणजेच पुढचे विज्ञान.

माणसाची पाळी

उंदरांतला हा मतभेद केवळ पंडितांचा वाद नव्हता. त्यावर रोग्यांचे भवितव्य अवलंबून होते. इंटरल्यूकिन-५ ला रक्तातच पकडून निकामी करणारा एक प्रतिपिंड औषध म्हणून तयार झाला होता. त्याचे नाव मेपोलिझुमॅब.

२००० साली त्याची चाचणी सौम्य ॲलर्जिक दमा असलेल्या २४ रोग्यांवर झाली. एका मात्रेने रक्तातले इओसिनोफिल खूप उतरले. पण वावड्याच्या पदार्थाला नळीने दिलेले उत्तर बदलले नाही, हळवेपणाही कमी झाला नाही. निराशा झाली. इंटरल्यूकिन-५ चा विषय आता मिटला, असे अनेकांना वाटले.

काही डॉक्टरांनी मात्र प्रश्न उलटा करून विचारला. औषध चुकीचे आहे, की औषध दिलेला रोगी चुकीचा निवडला आहे? दमा हे एका रोगाचे नाव नसून अनेक रोगांचे मिळून एक नाव असेल, तर ज्यांच्या थुंकीत उपचार करूनही इओसिनोफिल राहतात आणि ज्यांना वारंवार तीव्र झटके येतात, अशांनाच हे औषध देऊन पाहावे. इंग्लंडमधील लेस्टर येथे अशा ६१ रोग्यांवर वर्षभर चाचणी झाली. खरे औषध मिळालेल्या रोग्यांना वर्षात सरासरी २.० तीव्र झटके आले, तर खोटे औषध मिळालेल्यांना ३.४. कॅनडातील हॅमिल्टन येथे २० रोग्यांवर झालेल्या चाचणीचा कौलही तसाच होता. दोन्ही निष्कर्ष २००९ साली प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये अमेरिकेने तीव्र इओसिनोफिली दम्यासाठी या औषधाला मान्यता दिली. इंटरल्यूकिन-४ व १३ या दोघांचा सांगावा एकदम अडवणाऱ्या डुपिलुमॅब या औषधालाही २०१८ मध्ये दम्यासाठी मान्यता मिळाली. १९९६ च्या त्या एका अंकातले दोन्ही निबंध असे आपापल्या परीने फळाला आले.

ही औषधे टोचून द्यावी लागतात, फार महाग असतात आणि नेहमीच्या उपचाराने न आवरणाऱ्या थोड्या रोग्यांसाठीच असतात. बहुसंख्य रोग्यांना त्यांची गरज नसते.

मनीमाऊचा दमा, घोड्याची धाप

उंदराला दमा होत नाही, तर मग इतर प्राण्यांना होतो का? होतो. मांजरांना माणसाशी बराच जुळणारा दमा होतो आणि त्यांच्याही श्वासनलिकेत इओसिनोफिल गोळा होतात. बुरशी आलेल्या गवताच्या धुळीने घोड्यांना धापेचा जुनाट विकार जडतो; त्यात मात्र बहुधा न्यूट्रोफिल या दुसऱ्या पांढऱ्या पेशी पुढे असतात. एकच लक्षण, पण फौज वेगळी. म्हणून पशुवैद्य अशा घोड्याला औषधाइतकेच महत्त्व स्वच्छ, धूळविरहित चाऱ्याला देतात. हाच नियम माणसालाही लागू आहे, हे सांगायला नकोच.

प्रयोगासाठी प्राणी वापरताना त्यांना विनाकारण यातना देता येत नाहीत. भारतात प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक अधिनियम १९६० सालचा आहे आणि त्याखालील समितीचे नियम प्रयोगशाळांना पाळावे लागतात. रिशे यांच्या काळात असे बंधन नव्हते. आज जेथे पेशींवर किंवा संगणकावर काम भागते तेथे प्राणी टाळावा, असा दंडक आहे.

दोन पंप, दोन कामे

आता या सगळ्याचा आपल्या गावी उपयोग काय, ते पाहू. आपल्याकडे दम्याच्या रोग्याला पंप द्यायला घरचे कचरतात. पंपाची सवय लागते, पंप म्हणजे शेवटचा उपाय, मुलीच्या हातात पंप दिसला तर लोक काय म्हणतील, असे बोलले जाते. बोलणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो, पण वर सांगितलेले त्यांना ठाऊक नसते.

दम्यात दोन घटना घडतात, हे तुम्ही आता जाणता. एक, स्नायू आवळणे. ती झटपट होते. दुसरी, अस्तराचा दाह. तो तासन् तास, दिवसेंदिवस चालू राहतो. पंपातील औषधेही दोन जातींची असतात. एक जात आवळलेले स्नायू सैल करते. काही मिनिटांत बरे वाटते, पण दाह तसाच राहतो. दुसरी जात म्हणजे श्वासावाटे घेण्याचे स्टेरॉइड. ते इंटरल्यूकिन-५ सारखे सांगावे सोडणाऱ्या पेशींनाच गप्प करते. त्याचा परिणाम लगेच जाणवत नाही. काही दिवस, काही आठवडे नियमाने घ्यावे लागते. म्हणूनच बरे वाटताच लोक ते सोडून देतात आणि फक्त पहिल्या जातीवर राहतात. सांगावा जातच राहतो, फौज येतच राहते, आणि एखाद्या रात्री झटका जिवावर बेततो. दुसऱ्या जातीचे औषध थेट श्वासनलिकेत जात असल्याने त्याची मात्रा गोळीच्या मानाने फारच थोडी, ग्रॅमच्या लाखाव्या-दहालक्षाव्या भागांत मोजण्याजोगी असते. दोन्ही जातींची औषधे एकाच पंपात असलेलेही मिळतात. कोणता पंप, किती आणि कधी, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. पण आपल्या हातातला पंप कोणत्या जातीचा आहे, हे प्रत्येक रोग्याला माहीत हवे.

आणखी काही साध्या गोष्टी. ज्याला त्रास होतो त्याने मळणीच्या वेळी वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहावे. रुमालाने जाड कण अडतात, बारीक अडत नाहीत. नाकातोंडाला घट्ट बसणारा चांगला मुखवटा वापरावा. गाजर गवत फुलावर येण्यापूर्वीच, हात झाकून, मुळासकट उपटावे. रक्ताच्या तपासणीत इओसिनोफिल वाढलेले दिसले तर लगेच दमा आहे असे समजू नये. जंतांमुळेही ते वाढतात. आणि बोलताना वाक्य पुरे होत नसेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा पंप घेऊनही धाप कमी होत नसेल, तर सकाळची वाट न पाहता रोग्याला दवाखान्यात न्यावे.

करून पाहा

दोन सारखे पेले, एक जाड नळी आणि एक बारीक नळी घ्या. दोन्ही नळ्या सारख्याच लांबीच्या असाव्यात. प्रत्येक नळीने एकेक पेला पाणी ओढून पिण्यास किती सेकंद लागतात ते मोजा. नळ्यांचा आतला व्यास पट्टीने मोजून वहीत लिहा. वेळेतला फरक व्यासांच्या फरकाच्या मानाने किती मोठा येतो? चौथ्या घाताच्या नियमाशी तो कितपत जुळतो, आणि जुळत नसेल तर का, यावर वर्गात चर्चा करा. तुमची ओढ प्रत्येक वेळी सारखी होती का, हाही मुद्दा विसरू नका.

शिक्षकांना एक विनंती. वर्गात दम्याचा विद्यार्थी असेल तर त्याचा पंप दप्तरात खाली दडपलेला राहू नये, तो चटकन हाती यावा. तो लपवण्याची गोष्ट नाही, हे इतर मुलांना या प्रयोगाच्या निमित्ताने सहज सांगता येईल.